लॉजचं मेडल वाचायचं कसं?

जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी सकाळी गेलं, की रस्त्याकडेला पसरलेल्या चादरींवर एक वेगळंच पुणं मांडलेलं असतं. बिनकिल्लीची कुलपं, स्टोव्हचे बर्नर, अडकित्ते, काच फुटलेली घड्याळं, कुणाच्या तरी आजोबांचे चष्मे. अशाच एका चादरीवर पितळी नळांच्या ढिगाशेजारी मला एक काळवंडलेला क्रूस दिसला. वर कडी होती, फीत केव्हाच गळून गेली होती. विक्रेत्यानं माझी नजर बरोबर हेरली. "घ्या साहेब, लढाईचं मेडल आहे. साल बघा की त्याच्यावर." साल खरंच होतं. डाव्या टोकाला 1914, उजव्या टोकाला 1918. घासाघीस करून चारशे रुपयांत सौदा झाला आणि पहिल्या महायुद्धातलं कुणाचं तरी शौर्यपदक खिशात घालून मी घरी आलो.

घरी भिंग लावलं तेव्हा गडबड लक्षात आली. क्रुसाच्या मधोमध पंख असलेली एक आकृती होती आणि तिच्या हातात देवळाचा छोटा नमुना. वर, फीत अडकवायच्या जागी, चक्क गुण्या आणि कंपास. लष्करी पदकावर गवंड्याचा गुण्या कशाला असेल? मग पदक उलटं केलं. मागे बारीक कोरलेल्या अक्षरांत एका माणसाचं नाव, नावाआधी 'ब्रो.', आणि खाली लॉजचा नंबर. आता कट्ट्यावरची पोरं एकमेकांना 'ब्रो' म्हणतात. फ्रीमेसन नावाच्या जुन्या बंधुसंघाची मंडळी तीनशे वर्षं तेच करत आलीत, फक्त जरा गंभीर चेहऱ्यानं.

म्हणजे हे पदक लढाईत कमावलेलं नव्हतं. ते लॉजचं होतं आणि ज्याच्या छातीवर ते होतं त्यानं त्यासाठी घसघशीत वर्गणी मोजली होती. त्या दिवसापासून मला ही सवय लागली: कुणी असलं मेडल दाखवायला आणलं, की आधी ते उलटं करायचं. पुढची बाजू दिसायला सुंदर असते, पण माहिती बहुतेक वेळा मागे असते.

आधी 'लॉज' या शब्दाचा घोळ मिटवू. आपल्याकडे लॉज म्हटलं की 'बोर्डिंग-लॉजिंग, राहण्या-जेवणाची उत्तम सोय' अशी पाटी आठवते. इथे लॉज म्हणजे अशा बंधुसंघाची स्थानिक शाखा. मध्ययुगात युरोपात मोठमोठी चर्चं बांधणारे पाथरवट आणि गवंडी कामाच्या जागेशेजारी एक खोपट उभारायचे, तिथे हत्यारं ठेवायचे, जेवायचे, भांडणं मिटवायचे. त्या खोपटाला म्हणायचे लॉज. पुढे खऱ्या गवंड्यांच्या या मंडळींत हातात कधी थापी न धरलेले सरदार, वकील, व्यापारी शिरले. हत्यारांची चिन्हं झाली, कामाचे विधी झाले. 24 जून 1717 रोजी लंडनमध्ये चार लॉज 'गूज अँड ग्रिडायर्न' नावाच्या दारूच्या गुत्त्यात एकत्र आले आणि त्यांनी पहिलं ग्रँड लॉज, म्हणजे लॉजांवरची मुख्य संस्था, स्थापन केलं. जगभरच्या फ्रीमेसनरीचा संघटित इतिहास तिथून मोजतात.

त्यांची चिन्हं आपल्याला परकी वाटायचं खरं तर कारण नाही. शहरात कुठल्याही बांधकामावर जा, तीच हत्यारं दिसतील. काटकोन तपासायचा गुण्या, भिंत सरळ उभी आहे का ते सांगणारा ओळंबा, आडवी पातळी बघायची पाणसळ. लॉजमध्ये यांची वाटणी पदांनुसार होते. प्रमुखाच्या, म्हणजे मास्टरच्या गळ्यात गुण्या, त्याच्या खालच्या सीनिअर वॉर्डनकडे पाणसळ, ज्युनिअर वॉर्डनकडे ओळंबा. सेक्रेटरीला फुली मारल्यासारख्या दोन लेखण्या, खजिनदाराला किल्ली, दाराबाहेर पहारा देणाऱ्या टायलरला तलवार. एवढं पाठ असलं, की मेडल कुणाचं असेल याचा निम्मा अंदाज लांबूनच येतो.

यातलं माझं आवडतं चिन्ह मास्टरपदावरून निवृत्त झालेल्या माणसाचं. इंग्लंडच्या पद्धतीत गुण्याला एक चौकोनी पत्रा लटकवलेला असतो आणि त्यावर शाळेच्या भूमितीतली आकृती कोरलेली असते: काटकोन त्रिकोण आणि त्याच्या तीन बाजूंवर तीन चौरस. युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातलं सत्तेचाळिसावं प्रमेय, म्हणजे आपलं पायथागोरसचं. हे पाहून अनेक जण "गणिताच्या स्पर्धेचं बक्षीस दिसतंय" म्हणतात. पण जुना गवंडी पायाची आखणी करताना दोरीनं तीन, चार, पाच मोजून काटकोन काढतो, तेव्हा तेच प्रमेय वापरत असतो. तिथल्या गवंड्यांचीही रीत तीच होती, म्हणून ते मानाचं चिन्ह झालं.

फ्रीमेसन स्वतः या वस्तूंना मेडल म्हणत नाहीत, 'ज्युएल' म्हणतात. दागिना. त्यात हिरे-माणकं असतातच असं नाही, बहुतेक वेळा नसतातच. संग्राहकाला मात्र यातले दोन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत. एक, पदाधिकाऱ्याच्या गळपट्ट्याला लटकणारा ज्युएल. तो लॉजच्या मालकीचा, आज याच्या गळ्यात, पुढच्या वर्षी त्याच्या. दुसरा, छातीवर लावायचा, माणसाच्या स्वतःच्या मालकीचा. संस्थापक सदस्याचा, निवृत्त मास्टरचा, लॉजच्या शताब्दीचा, कुठल्या निधीला वर्गणी दिल्याचा. स्मरणार्थ पाडलेली पदकं बहुतेक या दुसऱ्या गटात येतात आणि बाजारातही हीच जास्त फिरतात, कारण माणूस गेल्यावर ती कपाटात राहतात आणि मग कपाटच विकलं जातं.

याखेरीज खरीखुरी पदकं, म्हणजे नाण्यासारखी टाकसाळीत ठशानं पाडलेली गोल मेडलं, ही तिसरी गोष्ट. ती छातीवर लावायची नसतात, खोक्यात ठेवायची असतात. 1733 साली फ्लॉरेन्समध्ये लोरेन्झ नाटर या कारागिरानं चार्ल्स सॅकव्हिल या इंग्रज उमरावासाठी केलेलं पदक हे फ्रीमेसनांचं सर्वांत जुनं पदक मानतात. ते आपल्या नशिबात नाही, सोडून द्या. पण 1790 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स ग्रँड मास्टर म्हणून निवडून आला त्याची आठवण म्हणून निघालेली तांब्याची हाफपेनी टोकनं आजही सापडतात आणि नवशिक्याला परवडतात. त्या काळात इंग्लंडमध्ये सुट्ट्या नाण्यांची एवढी टंचाई होती, की व्यापारी स्वतःची तांब्याची टोकनं काढायचे. त्याच लाटेत हीही निघाली. अमेरिकेत तर 'मार्क पेनी' गोळा करणाऱ्यांचा स्वतंत्र पंथ आहे. कमानीच्या माथ्यावर बसणारा पाचरीसारखा दगड आणि त्याभोवती गोलाकार एच टी डब्ल्यू एस एस टी के एस ही आठ अक्षरं दिसली, की समजावं तो मार्क पेनी. ती अक्षरं बायबलमधल्या सॉलोमन राजाच्या देवळाच्या गोष्टीशी जोडलेली आहेत. एवढ्यावरून गुप्त खजिन्याचा नकाशा शोधायला निघू नये, निघणारे मी पाहिलेत.

आता हे सगळं पुण्यात कसं आलं?

ईस्ट इंडिया कंपनीच्या माणसांबरोबर. हिंदुस्थानातला पहिला लॉज 1730 च्या सुमारास कलकत्त्यात, फोर्ट विल्यममध्ये सुरू झाला. मद्रास आणि मुंबई मागोमाग आली. 1818 मध्ये पेशवाई गेली, पुण्यात लष्कराची छावणी वसली, आणि जिथे गोऱ्या अधिकाऱ्यांची छावणी तिथे लॉज हे समीकरणच होतं. इंग्लंडच्या सनदेवर चालणारा 'ओरायन इन द वेस्ट', नंबर 415, आणि स्कॉटलंडच्या सनदेचा 'सेंट अँड्र्यू इन द ईस्ट', नंबर 343, हे पुण्याचे दोन जुने लॉज. नावं पाहा, एकाला हा देश पश्चिम वाटतो, दुसऱ्याला पूर्व. दोघंही आपापल्या जागी बरोबर: पहिल्यानं पश्चिम हिंदुस्थान धरला असावा, दुसरा स्कॉटलंडमधून इकडे बघतोय.

सुरुवातीला हे सगळं जवळजवळ गोऱ्यांपुरतंच होतं. माणेकजी कर्सेटजी या मुंबईच्या पारशी गृहस्थांना इथे प्रवेश मिळेना, तेव्हा त्यांनी फ्रान्समध्ये जाऊन दीक्षा घेतली. मग पश्चिम हिंदुस्थानातल्या स्कॉटिश फ्रीमेसनांचा प्रमुख डॉ. जेम्स बर्न्स यानं 1843 च्या डिसेंबरात मुंबईत 'रायझिंग स्टार ऑफ वेस्टर्न इंडिया' हा लॉज हिंदुस्थानी लोकांना घ्यायचं म्हणूनच काढला. काबूलमध्ये मारला गेलेला अलेक्झांडर बर्न्स याचा हा भाऊ. रायझिंग स्टारचा नंबर 342, म्हणजे पुण्याच्या सेंट अँड्र्यूचा बरोबर आधीचा. लॉजनं बर्न्सच्या सन्मानार्थ त्याची छबी असलेलं पदकही इंग्लंडहून पाडून घेतलं आणि ज्यांना हिंदुस्थानच्या मेसॉनिक पदकांचा नाद आहे त्यांच्या स्वप्नात ते येतं. हिंदूंना मात्र आणखी वाट पाहावी लागली. बंगालमध्ये प्रसन्नकुमार दत्त यांना वर्षानुवर्षांच्या वादानंतर 1872 मध्ये प्रवेश मिळाला. त्याच कलकत्त्यात 1884 मध्ये 'अँकर अँड होप' लॉजमध्ये नरेंद्रनाथ दत्त नावाच्या तरुणानं दीक्षा घेतली, ज्यांना आपण स्वामी विवेकानंद म्हणतो.

बाहेरच्या लोकांना अर्थातच या बंद दारांची भीती वाटायची. उत्तरेत लॉजच्या इमारतीला लोक 'जादूघर' म्हणत. फारसीत त्याहून गमतीचा शब्द निघाला, 'फरामोशखाना'. फ्रेंच 'फ्रान्-मासों'ला सगळ्यांत जवळचा ऐकू येणारा शब्द 'फरामोश', म्हणजे विसरलेला. आत काय झालं ते बाहेर आल्यावर विसरायचं, असा अर्थही बसला. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. आपण 'एहसानफरामोश' म्हणतो तोच.

आता वाचायला बसू. मेडल हातात आल्यावर मी तीन गोष्टी शोधतो: नंबर, साल आणि चांदीचे शिक्के.

नंबर म्हणजे लॉजचा सनद क्रमांक. त्याच्यापुढे बहुतेकदा ई.सी., एस.सी. किंवा आय.सी. असतं. म्हणजे सनद इंग्लंडची, स्कॉटलंडची की आयर्लंडची. हे न बघता नुसत्या नंबरावरून शोधलंत तर पुण्याचं मेडल भलत्याच देशातल्या लॉजला चिकटवाल, कारण तिन्ही ठिकाणचे आकडे स्वतंत्र चालतात. आणखी एक मेख आहे. इंग्लंडच्या ग्रँड लॉजनं बंद पडलेल्या लॉजचे आकडे रिकामे राहू नयेत म्हणून मधून मधून सगळ्यांना नवे नंबर दिले. असं शेवटचं झालं 1863 साली. त्यामुळे एकाच लॉजचे 1863 आधीचे आणि नंतरचे आकडे वेगळे. हा त्रास वाटतो, पण संग्राहकासाठी पर्वणी आहे: मेडलवर जुना नंबर असेल, तर ते 1863 आधीचं असायची दाट शक्यता. पुण्यात पेठेतलं घर जुन्या नंबरावरून शोधलेल्या कुणालाही हे समजावून सांगायची गरज नाही.

24 नोव्हेंबर 1961 रोजी दिल्लीत ग्रँड लॉज ऑफ इंडिया स्थापन झालं आणि पहिले ग्रँड मास्टर झाले रामपूरचे नवाब रझा अली खान. इथल्या अनेक लॉजनी नव्या ग्रँड लॉजची सनद घेतली, काही जुन्याच सनदेवर राहिले. म्हणून 1961 नंतरच्या मेडलवर वेगळाच आकडा दिसू शकतो.

सालाची गंमत याहून मोठी. कधी मेडलवर 5887 असा आकडा दिसतो आणि त्यापुढे ए.एल. माणूस दचकतो. पण आपण शके आणि संवत वापरणारी माणसं, आपण दचकायचं कारण नाही. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक 1674 चा, शके 1596, म्हणजे इसवी सनातून 78 वजा. तसंच इथे 4000 अधिक. बायबलवरून जग इसवी सनाआधी साधारण चार हजार वर्षांपूर्वी निर्माण झालं असा हिशेब जुन्या पंडितांनी काढला होता, त्याचा गोळाबेरीज आकडा धरून हे 'प्रकाशाचं वर्ष' मोजतात. 5887 म्हणजे 1887, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याची पन्नाशी. त्या वर्षी लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये फ्रीमेसनांचा मोठा सोहळा झाला आणि त्याचा खास ज्युएल निघाला. लॉजच्या वरच्या शाखांचे हिशेब आणखी वेगळे. रॉयल आर्चवाले इसवी सनात 530 मिळवतात, नाइट्स टेम्प्लर 1118 वजा करतात. मेडलवरचं साल आणि कारागिरी एकमेकांशी जुळत नसली, तर आधी हे तीन हिशेब करून बघायचे आणि मगच विक्रेत्याला नावं ठेवायची.

तिसरी गोष्ट शिक्के. इंग्लंडमध्ये चांदीच्या वस्तूवर सरकारमान्य तपासणीचे बारीक ठसे मारतात, आपल्या हॉलमार्कचे ते आजोबा. चालणारा सिंह म्हणजे चांदी 92.5 टक्के. जहाजाचा नांगर म्हणजे तपासणी बर्मिंगहॅमला झाली, बिबट्याचं तोंड म्हणजे लंडनला. बर्मिंगहॅमपासून समुद्र लांब आहे, मग नांगर कुठून आला? असं सांगतात, की 1773 मध्ये बर्मिंगहॅम आणि शेफील्डची मंडळी तपासणी कचेरीसाठी लंडनला गेली तेव्हा 'क्राउन अँड अँकर' नावाच्या खानावळीत जमत होती, म्हणून एकानं मुकुट घेतला आणि एकानं नांगर. खरं असो वा नसो, लक्षात मात्र राहतं. या शिक्क्यांशेजारी एक एकटं अक्षर असतं. ते दर वर्षी बदलतं, आणि तक्ता समोर ठेवला की त्यावरून वस्तू कोणत्या वर्षी तपासली ते नक्की सांगता येतं. लक्षात ठेवा, ते तपासणीचं वर्ष, मेडल ज्या प्रसंगाचं आहे त्याचं नव्हे. 1920 च्या दशकात घडवलेलं मेडल 1820 च्या दशकातल्या स्थापनेची शताब्दी साजरी करत असू शकतं. आणि शताब्दीसुद्धा अशीच मिळत नाही. लॉज शंभर वर्षं खंड न पडता चालला याचा पुरावा देऊन खास सनद घ्यावी लागते, मगच सदस्यांना तो ज्युएल लावता येतो.

भारतात घडवलेल्या कामावर सिंह मिळणार नाही. तिथे फार तर सराफाचं नाव किंवा शिक्का असतो. तो नाही म्हणून वस्तू खोटी असं धरू नका. उलट खोटी ओळखायची खूण वेगळी आहे. अस्सल मेडल बहुधा ठशानं पाडलेलं असतं, अक्षरांच्या कडा धारदार असतात. साच्यात ओतलेल्या नकलेची अक्षरं मऊ, सुजल्यासारखी दिसतात, पृष्ठभागावर सुईनं टोचल्यासारखे खड्डे असतात आणि कडेला साच्याची शिवण घासून काढल्याची रेघ. शिवराई हाताळलेल्या माणसाला ओतीव नकली शिवराई जशी बोटांनाच कळते, तसंच. गुण्या-कंपास छापलेली पितळी घड्याळं, होकायंत्रं आणि भिंगं ढिगानं मिळतात, 'प्राचीन' म्हणून. ती शोभेची म्हणून घ्या, हरकत नाही.

आता माझ्या क्रुसाकडे परत येऊ, कारण त्याची गोष्ट या सगळ्या छंदातली मला सर्वांत भरीव वाटते.

पहिल्या महायुद्धात जे फ्रीमेसन मेले त्यांचं स्मारक म्हणून लंडनला नवीन भव्य सभागृह बांधायचं, ही कल्पना 1919 मध्ये पुढे आली. दहा लाख पौंड जमवायचे म्हणून निधीचं नाव 'मेसॉनिक मिलियन मेमोरिअल फंड'. ग्रँड मास्टर होता ड्यूक ऑफ कॅनॉट, व्हिक्टोरिया राणीचा मुलगा. पुण्याच्या जुन्या लोकांना हे नाव नवं नाही. हा ड्यूक 1886 ते 1890 मुंबई लष्कराचा सरसेनापती होता, त्याच काळात मुंबई प्रांतातल्या इंग्लिश लॉजचाही प्रमुख होता, आणि पुण्यातला कॅनॉट रोड त्याच्याच नावाचा. या निधीला दहा गिनी देणाऱ्याला चांदीचा ज्युएल, शंभर गिनी देणाऱ्याला सोन्याचा. गिनी म्हणजे एकवीस शिलिंग. 1927 नंतर रुपया दीड शिलिंगाला बांधला होता, त्या हिशेबानं दहा गिनी म्हणजे 140 रुपये. तेव्हाचे एकशे चाळीस!

ज्युएलची रचना सिरिल सॉन्डर्स स्पॅकमन या कलावंतानं केली. क्रूस बलिदानाचा. त्याच्या दोन टोकांना युद्धाची सालं. मधली पंखवाली आकृती शांततेची, आणि ती जे हातात धरून आहे ते देऊळ म्हणजेच बांधायचं ते सभागृह. वर गुण्या-कंपास, म्हणजे हे देऊळ गवंड्यांच्या संघानं दिलं. एवढ्याशा चांदीत पूर्ण वाक्य बसवलंय. ज्या लॉजची वर्गणी माणशी सरासरी दहा गिनी भरली त्याला 'हॉल स्टोन लॉज' म्हणायचे, आणि त्याच्या मास्टरला तो ज्युएल हलक्या निळ्या फितीवर गळ्यात घालायचा मान. असे 1,321 लॉज झाले, त्यांत सागरापारचेही होते. वैयक्तिक ज्युएल निघाले 53,224. सभागृहाचं उद्घाटन 19 जुलै 1933 रोजी त्याच ड्यूकच्या हातून झालं. आत ठेवलेल्या स्मृतिपटावर 3,225 नावं आहेत.

पन्नास हजारांवर नग निघाल्यामुळे हा ज्युएल दुर्मीळ नाही. म्हणूनच सुरुवातीला घ्यायला उत्तम. समोरून सगळे सारखे, मागचं नाव आणि नंबर यांनी प्रत्येक नग वेगळा होतो. मागची बाजू कोरी असलेला किंवा घासून कोरा केलेला ज्युएल मी घेत नाही. तो निव्वळ चांदी.

फ्रीमेसनांशिवाय इतरांच्या मेडलांकडेही लक्ष असू द्या, छावणीच्या गावात ती हमखास निघतात. गोऱ्या शिपायांत 'रॉयल अँटिडिल्युव्हियन ऑर्डर ऑफ बफेलोज' लोकप्रिय होती. 1822 मध्ये लंडनच्या एका गुत्त्यात नाटकमंडळींनी सुरू केलेला हा संघ. त्याच्या पहिल्या पायरीच्या सदस्याला म्हणायचे 'कांगारू', आणि ब्रीदवाक्याचा अर्थ, 'सदासर्वकाळ शहाणा असा माणूस नाही'. फ्रीमेसनांचा गंभीरपणा झेपत नसेल त्यांनी म्हशींपासून सुरुवात करावी. यांच्या ज्युएलवर शिंगं दिसतात आणि मागे बहुधा लांबलचक मजकूर कोरलेला असतो. त्याच्या अगदी उलट टोकाला दारूबंदीची मेडलं. ग्रेगसन नावाच्या मिशनऱ्यानं 1862 मध्ये आग्र्याला शिपायांसाठी दारू सोडण्याची संस्था काढली, पुढे हिंदुस्थानचा सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सनं अशा संस्था एकत्र केल्या आणि त्यातून 'आर्मी टेम्परन्स असोसिएशन' झालं. इतके महिने, इतकी वर्षं दारूला शिवला नाही म्हणून मेडल. लोक यांनाही हटकून लढाईची मेडलं समजतात. एका अर्थी होतीच म्हणा.

घ्यायचं कुठून? जुना बाजार, नाण्या-नोटांची प्रदर्शनं, कॅम्पातल्या जुन्या बंगल्यांतला सामानाचा लिलाव. आणि सराफ. हे सगळ्यांत वाईट आणि सगळ्यांत महत्त्वाचं ठिकाण. घर आवरताना मुलं-नातवंडं असली मेडलं मोडीत देतात, सराफ वजन करतो, मीना खरवडून टाकतो आणि मेडल मुशीत जातं. ओळखीच्या सराफाला सांगून ठेवलं, की गुण्या-कंपास असलेली वस्तू मोडायच्या आधी फोन करा, तर मोडीच्या भावाला थोडं वर घालून ती वाचते.

घेताना एवढं बघा: गळपट्ट्याचा ज्युएल असेल तर तो लॉजचा, एखाद्याच्या खासगी मालकीचा नव्हे. चालू लॉजचा असेल तर त्यांना विचारणं हा साधा शिष्टाचार. बंद पडलेल्या लॉजचं सामान विकलं गेलेलं असू शकतं, पण ते कुठून आलं हे विचारून लिहून ठेवावं. आणि परदेशात विकायचा विचार असेल तर थांबा. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी नाणी आणि कलाकुसरीच्या वस्तू पुरावस्तूंत मोडतात आणि त्या खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत. 'मेडलच तर आहे' म्हणून टपालात टाकू नये.

ठेवायचं कसं, यात पुण्याचा पावसाळा हा मुख्य शत्रू. पितळी मेडलला कळंक चढतो, चांदी काळी पडते. रबरबँड, लोकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांच्यामुळे चांदी आणखी लवकर काळवंडते. मऊ प्लास्टिकच्या पाकिटांतून कालांतरानं चिकट द्राव सुटतो. सुती कापड किंवा आम्लरहित कागद, सिलिका जेलची पुडी आणि बंद डबा, एवढं पुरतं. जुनी फीत बदलू नका, विरली असली तरी. तिचा रंग हाही पुरावा आहे. आणि प्रत्येक मेडलसोबत एक चिठ्ठी: कुठे मिळालं, कधी, कुणाकडून.

आणि घासू नका. हे मी अनुभवानं सांगतोय. तो क्रूस घरी आणला त्याच संध्याकाळी, अजून मला काही कळत नव्हतं, मी आईची देवाची भांडी घासायची पद्धत वापरली. थोडी रांगोळी, थोडा चिंचेचा कोळ, जुना ब्रश. समोरची पंखवाली आकृती लखलखली. मग उत्साहात मागची बाजूही घासली. तिथलं कोरीवकाम किती उथळ होतं, ते पाणी पुसल्यावर कळलं. नाव निभावलं. लॉजच्या नंबरातले पहिले दोन आकडे अजून स्पष्ट आहेत, चार आणि एक. तिसऱ्याच्या जागी आता फक्त एक वळण उरलंय, भिंगाखाली कधी पाच दिसतं, कधी सहा, तिरपा उजेड पडला तर आठ. पाच असेल तर मेडल पुण्याचंच.